भाजी धुण्याच्या टाक्यात

पत्रकाची पहिली ओळ अशी पाहिजे की चालता माणूस थांबला पाहिजे, असं बाबा सांगायचे. मी त्यांच्या हाताखाली वाढले. पुलगावचा आठवडी बाजार, बसस्थानक, रेशनची रांग, जिथे माणसं उभी असतात तिथे आम्ही बापलेकींनी पत्रकं वाटली. नळाच्या पाण्यावर, रेशनच्या काट्यावर, अंगात आणणाऱ्या बुवांवर. बाबा एसटीत कारकून, आई अंगणवाडीत. घरात देवांचे फोटो नव्हते, पत्रकांचे गठ्ठे होते.

हे पत्रक नाही. पत्रकाला जो जोर लागतो तो आत्ता माझ्याकडे नाही. एक परिच्छेद लिहिला की डोकं शिशासारखं होतं. मग मी आडवी होते, उठते आणि पुन्हा लिहिते. म्हणून हे तुकड्यातुकड्यांनी आहे. डोक्याला मार लागलेलं माणूस ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. ही जिद्दीची गोष्ट म्हणून वाचू नका. भेटायला येणारा प्रत्येक जण केळी आणावीत तसा तो शब्द घेऊन यायचा. केळी तरी संपायची.

मला सांगितलेलं

अपघात मला आठवत नाही. जे आहे ते लोकांनी सांगितलेलं. माझं नाव समता, वय सत्तावीस. देवळीला बचत गटांच्या कामावर होते. संध्याकाळी स्कूटरवर पुलगावकडे निघाले असताना तुरीच्या शेतातून रानडुक्कर आडवं आलं. हेल्मेटचा पट्टा तुटला आणि डोकं पुलियाच्या कठड्यावर आपटलं. मागून आलेल्या मालवाहू ऑटोवाल्याने गोण्या बाजूला सारून मला त्यावर घातलं. वर्ध्याच्या मोठ्या रुग्णालयात कवटीची उजवी बाजू उघडून साकळलेलं रक्त काढलं.

माझी पहिली आठवण एका हाताची आहे. डॉक्टर कोणाच्या तरी नखावर पेन दाबत होते आणि मला विचारत होते, "दुखतंय?" मला वाटलं, त्या माणसालाच विचारा ना. मग नजर त्या हातावरून सरकत खांद्यापर्यंत आली आणि खांदा माझा निघाला.

डॉक्टरांनी बाबांना बाजूला नेलं नाही. माझ्यासमोरच सांगितलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. उजव्या मेंदूला मार, म्हणून डावा हात-पाय गेलाय. बोलणं वाचलंय. किती परत येईल ते सांगता येत नाही, पण जे यायचं त्यातलं बरंचसं पहिल्या काही महिन्यांत येतं. ते महिने वाया घालवू नका.

तहसीलदारापासून आमदारापर्यंत सगळ्यांना उभं करून प्रश्न विचारणारे माझे बाबा, त्यांनी तेव्हा काहीच विचारलं नाही. नुसती मान हलवली.

वॉर्ड

वॉर्डात वेळ घड्याळाने चालत नाही, कुशीने चालते. डावी कूस, पाठ, उजवी कूस, पुन्हा पाठ. मावशी येऊन फिरवायच्या. पाठीला जखम होऊ नये म्हणून. नळीतून पेज, मग नळी निघाल्यावर चमच्याने वरण. सकाळी फरशी पुसल्याचा वास आला की नवा दिवस सुरू झाला असं समजायचं.

मला रडू यायचं आणि कारण नसायचं. शेजारच्या खाटेवरच्या आजींचं कोणी गेलं तेव्हा मला हसू फुटलं. ते थांबेना. आई माझ्या तोंडावर पदर धरून त्यांची माफी मागत होती. त्या आजी म्हणाल्या, "हासू द्या माय, डोक्याची पेशंट हाये ते." एवढी मोठी मोकळीक मला आयुष्यात दुसऱ्या कोणी दिलेली नाही.

डावी बाजू फक्त हलत नव्हती असं नाही, ती माझ्यासाठी नव्हतीच. ताटातली डावीकडची भाजी मला दिसायची नाही. मी म्हणायचे, "आज भाजी नाही का?" आई ताट फिरवायची. भाजी उजवीकडे यायची.

आणि डावी मूठ. हात निर्जीव लोंबकळत होता तोवर ठीक होतं, मग हळूहळू बोटं आत वळली आणि आवळली. लहानपणापासून मी मूठ वर करून घोषणा दिल्या. आता ही मूठ मला न विचारता आवळलेली होती आणि उघडत नव्हती. आतला तळवा घामाने पांढरा पडला, वास यायला लागला. आई एकेक बोट सोडवून आत कापूस सरकवायची. मी भिंतीकडे बघत राहायचे.

मामाचा मळा

घरी सोडलं तेव्हा आम्ही पुलगावला गेलो नाही. नालवाडीच्या पुढे माझ्या मामाचा मळा आहे, तिथून रुग्णालय जवळ. मामा-मामी भाजी पिकवतात. पालक, मेथी, मुळा, आणि सांबार, म्हणजे बाकीचा महाराष्ट्र जिला कोथिंबीर म्हणतो ती. दुपारनंतर तोडायची, संध्याकाळी धुवायची, पहाटे वर्ध्याच्या बाजारात न्यायची. बाबा नोकरीवर पुलगावला, रविवारी यायचे. आई बिनपगारी रजा टाकून माझ्याजवळ.

रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या वैशालीताई माझ्याच वयाच्या. त्या खाटेवर माझा पाय वाकवायच्या, सरळ करायच्या, उभं करायच्या. उभं केलं की मी डावीकडे कलंडायचे. एकदा त्या म्हणाल्या, हिला पाण्यात चालवलं तर फरक पडेल. पाणी अंगाचं वजन उचलतं, आवळलेले स्नायू सैल करतं, पडण्याची भीती कमी होते. नागपूरला तशी सोय आहे.

नागपूर! रिक्षातून रुग्णालयापर्यंत गेलं तरी मी दिवसभर मढ्यासारखी पडून असायचे. रोज नागपूरला जाऊन येण्याएवढा जीव असता तर मला पाणी कशाला लागलं असतं? ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याच्याच पायाने पाण्यात चालावं आणि बाकीच्यांनी खाटेवर वाळत पडावं, हे कोणी ठरवलं? मी हे जोरात म्हणाले. निदान मला तसं वाटलं. मग दमून झोपले.

उठले तेव्हा मामा वैशालीताईंना विचारत होता, "पाणीच पाह्यजे ना म्याडम? आपल्याकडं टाकं हाये."

"कसलं टाकं?"

"भाजीचं. अर्धं जमिनीत, अर्धं वर. छातीएवढं पाणी राह्यते."

ताई आधी हसल्या. मग पुढच्या रविवारी स्वतः येऊन त्यांनी टाकं पाहिलं. काठीने खोली मोजली, तळावरून पाय घासून बघितलं, शेवाळ सगळं खरवडायला सांगितलं. आत उतरायच्या पायऱ्यांना धरायला मामाने बांबू बसवला. ताईंनी आणखी अटी घातल्या. झटके येत नाहीत, जखम पूर्ण भरली आहे, असं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उतरायचं नाही. दोन माणसं सोबत असल्याशिवाय उतरायचं नाही. पहिल्या दिवशी आणि पुढे सुट्टीच्या दिवशी त्या स्वतः असतील.

"आन थंडीचं काय?" आईने विचारलं. दिवाळी होऊन गेली होती.

"हात घालून पाह्य," मामा म्हणाला. बोर सुरू होता. जमिनीतून येणारं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, नळीच्या तोंडाशी वाफ दिसते. आईने हात घातला आणि तसाच ठेवला.

पहिलं पाणी

मामी पदर कमरेला खोचून आधी उतरली, ताई मागे. मला पायरीवर बसवून खाली सरकवलं. पाणी पोटापर्यंत आलं आणि मी मामीच्या मानेला मिठी मारली. एका हाताची मिठी.

"राणीसाहेब, मान सोडा, मी मरून जाईन," मामी म्हणाली. "बुडवाले नाई आनली तुले."

मी छातीपर्यंत आत गेले. आणि डावा पाय वर आला. मी उचलला नव्हता, पाण्याने उचलला. बऱ्याच काळानंतर तो मला दिसला, माझ्याच पुढे, तरंगताना. ताईंनी मागून कंबर धरली होती. "आता खाली टेकवा. घाई नको." मी टेकवला. तो पुढे गेला, टेकला, आणि मी कलंडले नाही. कलंडायला जागाच नव्हती, पाणी सगळीकडून धरून होतं.

थोड्या वेळाने मामीने माझा डावा हात पाण्याखाली धरला आणि हलकेच हलवत राहिली, सांबाराची जुडी धुतात तसा. बोटं सैल झाली. आधी करंगळी, मग बाकीची. तळवा उघडा पडला. काठावर बसलेली आई रडायला लागली.

"रडू नका बाई," मामी नणंदेला म्हणाली, "टाकं भरलेलंच हाये."

बाहेर यायची वेळ झाली आणि मला कळलं की पाणी किती लबाड आहे. एकेक पायरी वर चढले तसं एकेक पोतं कोणीतरी पाठीवर टाकत गेलं. काठावर आले तेव्हा मी पुन्हा पूर्वीचीच होते, डावीकडे कलंडणारी. मूठ तासाभरात परत आवळली. मी दुपारभर झोपले, उठून जेवले, पुन्हा झोपले.

हे पुढे रोज झालं. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. पाण्यात चालता आलं म्हणजे चालता आलं असं नाही. घरचे लोक टाळ्या वाजवतात आणि तुम्ही काठावर येऊन पुन्हा कोसळता. त्यांना वाटतं तुम्ही प्रयत्न सोडलेत. मेंदूचा थकवा झोपेने जात नाही. तो तुमच्याआधी उठून बसलेला असतो.

दिवसपाळी, रात्रपाळी

माझं चालणं माझ्या इच्छेवर नव्हतं, थ्री फेजवर होतं. शेताला वीज आठवड्याच्या पाळीने येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसपाळीत सकाळी बोर सुरू व्हायचा, मी कोमट ताज्या पाण्यात उतरायचे, मग मामा ते पाणी वाफ्यांना सोडायचा, टाकं पुन्हा भरायचं आणि संध्याकाळी त्यात भाजी धुतली जायची. सगळं व्यवस्थित.

रात्रपाळीत टाकं रात्री भरून राहायचं. सकाळी ते बर्फासारखं. दुपारपर्यंत उन्हाने जरा बरं व्हायचं, तेव्हा मी उतरायचे. आणि संध्याकाळी...

मी तेव्हा यापुढे विचार केला नव्हता. दुपारनंतर मी झोपलेली असायचे.

एक दिवस मामी बाजारातून लवकर परतली. हाऱ्यात, भाजीच्या टोपल्यात, मेथी तशीच होती. मी ओसरीवर, ती आत मामाशी बोलत होती. आवाज दबका, पण भिंत पातळ.

"कोपऱ्यावरच्या घरची ते बाई, रोजचं गिऱ्हाईक, तिनं सगळ्यायसमोर इचारलं. 'तुमच्या टाक्यात पेशंट आंघोळ करते म्हन्तात, त्याच पान्यात भाजी धुता का?' मंग कोनी हात लावते का? माह्या हातची भाजी आजवर परत आली नोती."

"लोकायले काय, बोलतेत."

"तुमाले नाई बोलले ना. मले बोलले."

ओसरीवर आईने ते ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझी चादर सारखी केली. ती आधीच सारखी होती.

न निघालेलं पत्रक

रविवारी बाबा आले. आईने सगळं सांगितलं. बाबांनी चहा अर्धा ठेवला आणि पिशवीतून कागद काढला.

"अफवेले उत्तर देनं लागते," ते म्हणाले.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या अंगात काहीतरी पेटलं. मी पडल्या पडल्या सांगत गेले, ते लिहीत गेले. डोक्याला मार लागणे हा रोग नाही. तो स्पर्शाने, पाण्याने, भाजीने पसरत नाही. अपंग माणूस अशुद्ध असतो हा विचार शिवाशिवीच्याच घराण्यातला आहे. या मळ्यातली भाजी धुण्यासाठी रोज वेगळे, ताजे पाणी वापरले जाते. बाबांनी शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली.

मामी समोर बसून मेथी निवडत होती. "हे कुठं वाटान तुमी, भाऊजी?"

"बाजारात. आन कुठं?"

"म्हन्जे ज्याले अजून माहीत नाई त्यालेबी समजन."

मामा खो खो हसला. बाबांना हसू आलं नाही. ते म्हणाले, खऱ्याला लपवायचं काय कारण?

मामीचे हात थांबले. "मंग ते शेवटचं काढून टाका. पानी वेगळं असते म्हनून लेहलं ते."

"काऊन?"

"खरं नाई ते. रातच्या पाळीत एकच टाकं भरते. दुपारी पोरगी उतरते, संध्याकाळी भाजी धुतो. दिवसा बोर चालत नाई तं दुसरं पानी कुठून आनू? घरच्या नळाले प्याएपुरतं येते."

ती पुढे म्हणाली, "आंघोळ करून, साफ होऊनच उतरते पोरगी. पान्याले काई होत नाई. मी सोता तेच भाजी खातो. पन इचारलं कोनी, वेगळं पानी हाये का, तं वेगळं नाई."

बाबांनी ते वाक्य खोडलं. मग उरलेला कागद पुन्हा वाचला. बाकी प्रत्येक शब्द खरा होता. पण बाजारातली बाई शिवाशिवीबद्दल विचारत नव्हती, निदान फक्त त्याबद्दल नाही. ती विचारत होती तेवढंच एक वाक्य, आणि तेच आम्हाला लिहिता येत नव्हतं. आमच्या घरातून निघालेल्या पत्रकात चूक असेल, खोटं नव्हतं. बाबांनी कागदाची घडी केली आणि पिशवीत ठेवली. त्या दिवशी ते मला म्हातारे दिसले.

आई म्हणाली, "आपन पुलगावले जाऊ. भावाचा धंदा बसवून मले पोरगी उभी नाई करायची."

"धंदा बसत नाई येवढ्यानं," मामी म्हणाली, पण कोणाकडे न बघता.

मी वैशालीताईंना विचारलं. फक्त दिवसपाळीच्या आठवड्यात उतरले तर? त्या खोटं बोलल्या नाहीत. मधल्या आठवड्यात पोटरी आणि हात पुन्हा आखडतात, पुढचे दिवस ते सोडवण्यात जातात. डॉक्टरांनी सांगितलेले महिने संपत आले होते. आत्ता सुटलं तर पाय कदाचित इथेच थांबेल. म्हणजे खाट, खुर्ची, आणि उठायला दुसऱ्याचा खांदा.

मी विचार केला. मी आयुष्यभर लोकांना सांगत आले होते की एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊ नका. मी मामीला बोलावलं.

"मामी, रात्रपाळीत मी पाण्यात उतरणार नाही."

"तू कोन ठरवनारी?"

"माझ्यामुळे तुमची भाजी..."

"भाजी मायी हाये, टाकं मायं हाये. काय धुवाचं आन काय नाई ते मी पाहीन. तू तुया पाय पाह्य." आणि जाता जाता, "सारे भाषनं कराले लागले या घरात."

मातीसकट

पुढच्या रात्रपाळीच्या आठवड्यात मी दुपारी टाक्यात उतरले. संध्याकाळी मामीने भाजी धुतलीच नाही. मुळे, मेथी, पालक, सगळं मातीसकट बांधलं आणि पहाटे नेलं.

बाजारात काय झालं ते मामाने सांगितलं. तो सांगतो तेव्हा थोडं वाढवून सांगतो, हे धरून चाला. मामीने बसायला बसकर टाकलं आणि त्या कोपऱ्यावरच्या बाईला स्वतःच हाक मारली. "अवो, या इकडं. भाची हाये मायी, डोक्याले मार लागला. टाक्यात चालाले शिकून राह्यली. म्हनून या आठवड्यात भाजी धुतली नाई. घ्याची असन तं घ्या, घरी धुवा."

बाई म्हणाली, "माती तोलून देता का आता?"

"माती फुकट हाये वयनी," मामा म्हणाला, "कुंडीत टाका, गुलाब लावा."

काही बायका हसल्या आणि घेतली. काही पुढे गेल्या. कोपऱ्यावरची बाई त्या दिवशी गेली ती मामीकडे परत आलीच नाही. मातीची भाजी कमी भावाने जाते, उरते, उन्हात मान टाकते. त्या थंडीत दर दुसऱ्या आठवड्याला मामी हारा अर्धा भरलेला घेऊन परतायची, आणि तासाभराने पदर खोचून माझ्यासोबत टाक्यात उतरायची. तिची चिडचिड व्हायची. "आंग ढिलं सोड, लाकूड झाली का?" असं ओरडायची. मी उलट ओरडायचे. माझ्यावर चिडणारी त्या घरात ती एकटीच होती. बाकी सगळे माझ्याशी दवाखान्यातल्यासारखे बोलायचे.

तिचे आभार मानायचा मी एकदा प्रयत्न केला. ती म्हणाली, "चुलीवर दूध हाये," आणि उठून गेली.

पाणी सोडणे

थंडी सरत आली तेव्हा ताई म्हणाल्या, आता पाणी कमी करायचं. छातीएवढ्या पाण्यात वजन जवळजवळ नसतं, कमरेएवढ्यात अर्धं येतं, गुडघ्याएवढ्यात तुमचं तुमच्याकडे. मामाला सांगितलं, ती चालत असतानाच हळूहळू पाणी सोडा.

मामाने बुडाची तोटी फिरवली. पाणी पाटाने पालकाच्या वाफ्यात निघालं. मी बांबू धरून टाक्यात फेऱ्या मारत होते आणि तिकडे वाफे भरत होते. पालक ओला होत गेला तशी मी जड होत गेले. कमरेखाली पाणी गेलं आणि डावा गुडघा थरथरला. मांडीखाली गेलं आणि तो मुडपला. मामी आणि ताईंनी धरलं म्हणून तोंडावर पडले नाही.

हे अनेकदा झालं. एकदा गुडघाभर पाण्यात पडल्यावर मी आईवर ओरडले, कारण ती काठावरून "शाब्बास" म्हणाली होती. काय बोलले ते लिहीत नाही. आई उठली, मळ्याच्या टोकाला गेली आणि बांधावर पाठमोरी बसून राहिली. तिला उठवायला जायला मला पाय नव्हते. ज्यांच्या घरी असं होतं त्यांना एवढंच सांगते, ते वाक्य आजाराचं असतं, पण ज्याला लागतं त्याला त्याने कमी लागत नाही. संध्याकाळी आईने माझ्या तळहातात कापूस ठेवला, रोजच्यासारखा.

मग एका सकाळी पाणी घोट्याच्या खाली गेलं, तळाचा गाळ दिसला, आणि मी उभी होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी बांबू सोडला, उजवा पाय टाकला, डावा ओढला, पुन्हा उजवा. समोरच्या भिंतीला हात टेकला.

"आता पानीबी नाई," मामा हळूच म्हणाला.

"पडन ते, धरा आधी," मामी म्हणाली.

आज

आज मी काठी घेऊन चालते. घोट्याला प्लास्टिकचा आधार आहे. डावा पाय अजून घासतो. स्कूटर चालवत नाही, अर्धा दिवस काम करते आणि उरलेला अर्धा भिंतीला टेकून काढते. माझ्यातलं सगळं परत आलं नाही. जे आलं ते इच्छाशक्तीने आलं असं कोणी म्हणालं तर मी अजूनही भांडू शकते. ते पाण्याने आलं, विजेच्या पाळीने आलं, वैशालीताईंच्या सुट्टीच्या दिवसांनी आलं, आणि एका भाजीवालीने सोसलेल्या तोट्याने आलं. प्रत्येक जिल्ह्यात एक कोमट पाण्याचं टाकं, दोन बांबू आणि एक शिकलेला माणूस, एवढी मागणी फार नाही. ती मी पत्रकात लिहीन, जोर आला की. तोवर, तुम्हाला हे करून बघायचं असेल तर डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरवू नका. आणि ज्याच्या पाण्यात उतरवाल त्याला आधी सगळं खरं सांगा.

तळ कोरडा असताना चालले त्यानंतर पुन्हा रात्रपाळीचा आठवडा आला. ताई म्हणाल्या, या आठवड्यात पाणी नको, जमिनीवर चाला. दुपारी टाकं भरलेलं होतं, स्वच्छ, आणि त्यात कोणी उतरलं नाही. संध्याकाळी मामीने कित्येक आठवड्यांनी रात्रपाळीच्या पाण्यात भाजी धुवायला घेतली.

मी काठी टेकत टाक्यापर्यंत गेले. कठड्याला कंबर लावली, काठी ठेवली आणि हाऱ्यातून मेथीची एक जुडी डाव्या हातात धरली. बोटं तिच्यावर आवळली. हात पाण्यात घातला, थोडा वेळ थांबले, बोटं सैल झाली. उजव्या हाताने पानं खळबळली. जुडी काढून मामीच्या पुढ्यात ठेवली. पाठ भरून आली होती.

मामीने जुडी उचलली, झटकली, उलटी करून देठांकडे पाहिलं.

"याले धुतलं म्हन्ते का? मुळाशी माती तशीच हाये. पुन्हा धू."

आई मागून म्हणाली, "अवो, थकली असन ते."

"थकली असन तं टेकून धू म्हना. बाजारात कोन पाहून राह्यलं कोन थकलं ते?"

मी कठड्याला टेकले आणि जुडी पुन्हा पाण्यात बुडवली.